मदत हवी आहे: टर्नटेबल ते प्रीअँप कोणती केबल घ्यावी? (कोल्हापूर)

मंडळी, नमस्कार.

आजोबांच्या एलपी कित्येक वर्षं माळ्यावर होत्या. दिवाळीत खाली काढल्या आणि सेकंडहँड टर्नटेबल घेतलं. कार्ट्रिज (सुई बसते तो भाग) ऑडिओ-टेक्निकाचं व्हीएम९५ई. घर शिवाजी पेठेत, जुनं. टर्नटेबल सोप्यात (पुढच्या खोलीत), फोनो प्रीअँप (कार्ट्रिजचा बारीक सिग्नल वाढवणारा डबा) आणि अँप आतल्या खोलीत, म्हणून घरात पडलेली ३ मीटरची आरसीए केबल ओढलीय.

अँप चालू केला की घुंऽऽ सुरू. आलापीत तर तिसरा तानपुरा लावल्यासारखं वाटतं. शिवाय 'स' आणि 'श' कानाला टोचतात, झांज मात्र बोथट.

दुकानदार म्हणाला, "४५०० ची घ्या, सोन्याचा मुलामा आहे." सोनंच घ्यायचं तर गुजरीत जाईन की! केबलचे पिकोफॅरड (कपॅसिटन्सचं माप) किती, असं विचारलं तर माझ्याकडंच बघत बसला.

विचारायचं कारण असं. या कार्ट्रिजला १०० ते २०० पिकोफॅरड लोड द्यावा, असं कंपनी सांगते; फार जास्त झाला की वरच्या स्वरांचा तोल बिघडतो. त्यात आर्ममधली (कार्ट्रिज धरणाऱ्या दांडीतली) वायर, केबल आणि प्रीअँपचं इनपुट, सगळं आलं. माझ्या प्रीअँपचेच १०० आहेत. केबल दोन्हीकडून काढून मधली पिन आणि बाहेरची रिंग यांत मल्टिमीटर लावला, तर ३९०! म्हणजे बेरीज ५०० च्या जवळ, आर्म अजून धरलाच नाही.

आरजी-५९ को-अ‍ॅक्स (मधे तार, भोवती जाळी असलेली केबल) आणून घरीच केबल बनवली तर चालेल का? कार्ट्रिजमधून येतात जेमतेम ४ मिलिव्होल्ट, म्हणून धाडस होईना. गायिका केसरबाई केरकरांचं गाणं १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेलं, तेव्हा नासानं तबकडीसोबत कार्ट्रिज आणि सुईही दिली होती. केबलचं काय ते तिकडच्यांनी बघायचं!

प्रतिसाद १

भावा, केबल नंतर. आधी प्रीअँप उचल आणि टर्नटेबलशेजारी ठेव. प्रीअँपच्या पुढं सिग्नल तगडा असतो, तिथनं आत ३ मीटर गेली तरी काय बिघडत नाही. अलीकडची केबल १ मीटरच्या आत ठेव.

आरजी-५९ चालते, मीटरला साधारण ६७ पिकोफॅरड. फक्त तांब्याच्या जाळीची बघून घे. डिशची आरजी-६ आणू नकोस, तिची जाळी बहुतेक अ‍ॅल्युमिनियमची असते, सोल्डरचा डाग बसत नाही.

घुंऽऽ चं म्हणशील तर अर्थिंगची बारीक वायर प्रीअँपच्या स्क्रूला लावलीयस का? त्याबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस. आरआयएए मध्ये (प्रीअँप रेकॉर्डच्या स्वरांचा तोल परत जुळवतो त्यात) खालचे स्वर मुद्दाम उचलतात, १ किलोहर्ट्झच्या मानानं ५० हर्ट्झ तब्बल १७ डेसिबल वर. लायटीची घरघर नेमकी तिथंच बसते. अडॅप्टरही केबलपासून लांब ठेव.

धागाकर्ता

लाज वाटतीय, पण वायर लावलेली होती ती नावालाच. स्क्रूखाली हिरवा गंज. पॉलिश पेपरनं घासून आवळली, घरघर जवळजवळ गेली. पाऊण मीटर आरजी-५९ ची जोडी बनवली, प्लगसकट ५८ पिकोफॅरड भरली. 'स' आता टोचत नाही.

प्रीअँप मात्र सोप्यात आईच्या शिलाई मशीनवर बसलाय. ती मशीन चालवायला लागली की टकटक ऐकू येते. यावर काही आहे का?

प्रतिसाद १

ब्लाऊज शिवून होईस्तोवर रेकॉर्ड लावू नकोस.