चार्जर आणि ब्लॅकआउटचा हिशेब

अमेरिका-कॅनडात १४ ऑगस्ट २००३ ला वीज गेली, त्या मोठ्या ब्लॅकआउटबद्दल जुने कॅल्क्युलेटर जपणाऱ्या आपल्यापैकी एकाने गमतीने लिहिलंय, ‘त्या दिवशी आपल्यातल्याच कोणीतरी सगळे एलईडीवाले कॅल्क्युलेटर एकदम चार्जिंगला लावले असणार’. हे वाचून मनापासून हसलो. लाल एलईडी दिव्यांनी आकडे दाखवणारी ही जुनी यंत्रं वीज फार खातात, हा त्यातला मुद्दा तर अगदीच खरा आहे. माझ्याकडच्या एचपी-३५ या तसल्याच जुन्या कॅल्क्युलेटरच्या बॅटरीला मल्टिमीटर जोडून बघतो तेव्हा पडद्यावर नुसता १ असताना काटा खाली असतो, आणि सगळीकडे ८ भरले की लगेच वर सरकतो. लाल रेघा जितक्या जास्त, तितकी वीज जास्त. हा खेळ मी अजूनही आवडीने खेळतो.

पण हिशेब मांडायलाच हवा. हे यंत्र साधारण अर्धा वॅट घेतं. तीन लाख यंत्रं एकदम चालू केली तरी १५० किलोवॅट. त्या दिवशी अमेरिका-कॅनडात ६१,८०० मेगावॅटचा भार गेला, सुमारे पाच कोटी लोक अंधारात. म्हणजे चार लाख पट! खरं कारण ओहायोत होतं. दुपारी ३:०५ ते ३:४१ या वेळात ३४५ केव्हीच्या (किलोव्होल्टच्या) तीन वीजवाहिन्या भाराने तापून खाली झुकल्या आणि न छाटलेल्या झाडांना टेकून ट्रिप झाल्या, म्हणजे आपोआप बंद पडल्या. त्यातच तिथल्या वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षातली अलार्मची प्रणाली बंद पडली होती आणि तिथल्या माणसांना त्याचा पत्ताच नव्हता. मला तरी झाडांपेक्षा हा गप्प बसलेला अलार्म जास्त अस्वस्थ करतो.