मदत हवी आहे : नोंदणीच्या अर्जात जुना दंड लिहिला नाही, आता कारणे दाखवा नोटीस आली आहे

औषधवाला :

नमस्कार.

मी नोंदणीकृत फार्मासिस्ट असून सोलापुरात, जुळे सोलापूर भागात, माझे औषधांचे लहानसे दुकान आहे. गेल्या आठवड्यात नोंदणी परिषदेची कारणे दाखवा नोटीस हाती पडली. न्यायालयाने दोषी ठरविल्याची बाब मी नोंदणीच्या वेळी दडवून ठेवली, तेव्हा फार्मसी कायदा, १९४८ च्या कलम ३६ नुसार माझे नाव नोंदवहीतून का कमी करू नये, अशी विचारणा तिच्यात आहे. उत्तरासाठी २१ दिवसांची मुदत आहे आणि त्यांतील ९ दिवस वकील शोधण्यात व रात्री छताकडे पाहत पडण्यात गेले.

हकीकत अशी आहे. जानेवारी २०११ मध्ये मी १९ वर्षांचा होतो. गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेचे, दिवस होते. होम मैदानावरून परतताना आम्ही पाच मित्र एका बंद गिरणीच्या मागच्या मोकळ्या जागेत पैसे लावून तीन पत्ती खेळत बसलो आणि पोलिसांच्या हाती लागलो. जुगार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १२ खाली गुन्हा नोंद झाला. पुढे तारखेला न्यायालयात गेलो तेव्हा आमच्याबरोबर आलेल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी सांगितले, की साहेबांनी विचारले की ‘गुन्हा कबूल’ म्हणायचे, दंड भरायचा आणि घरी जायचे. माझी आई विड्या वळून घर चालवत होती. तिच्या कानावर जाण्याआधी प्रकरण मिटावे, याखेरीज माझ्या मनात दुसरे काही नव्हते. मी कबूल म्हणालो, ३०० रुपये भरले आणि पावती कुठेतरी हरवली.

पदविका पूर्ण झाल्यावर २०१३ मध्ये नोंदणीचा अर्ज भरला. अर्ज इंग्रजीत होता आणि त्यात ‘कन्व्हिक्शन’विषयी, म्हणजे न्यायालयाने दोषी ठरविले आहे का याविषयी, एक रकाना होता. महाविद्यालयातील लिपिकाने आम्हा सर्वांना एका रांगेत बसवून या रकान्यात ‘नो’ लिहायला सांगितले आणि सगळ्या वर्गाने ते लिहिले, मीही लिहिले. त्या वेळी मला खरोखरच वाटत होते, की शिक्षा म्हणजे तुरुंग. आमच्या घरी, गल्लीत, सगळीकडे ‘तो दंड भरून सुटला’ असेच म्हणतात, आणि सुटलेल्या माणसाला शिक्षा झाली असे कोणी म्हणत नाही.

दुकानाच्या भागीदारीवरून वाद झाल्यावर माझ्या पूर्वीच्या भागीदाराने परिषदेकडे तक्रार केली आहे. त्याला हे प्रकरण मीच एकदा गप्पांत सांगितले होते.

मला तीन-चार गोष्टींत मार्गदर्शन हवे आहे. ३०० रुपयांचा दंड ही कायद्याने शिक्षाच धरली जाते का? एका हितचिंतकांनी ‘मला कोणतीही शिक्षा झालेली नाही, केवळ किरकोळ दंड झाला’ असे उत्तर देऊन मोकळे होण्याचा सल्ला दिला आहे, तो पाळावा का? लिपिकाचा उल्लेख उत्तरात करावा का? आणि नाव कमी झालेच तर दुकान दुसऱ्या दिवशीच बंद करावे लागेल का?

कायदेभान :

औषधवाला साहेब, मी वकिली करतो, पण आपली कागदपत्रे मी पाहिलेली नाहीत, तेव्हा हे माझे सर्वसाधारण मत समजावे आणि उत्तर मात्र सोलापुरातील एखाद्या वकिलाकडून तपासून घेतल्याशिवाय पाठवू नये.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे. आरोपीने गुन्हा कबूल केला आणि दंडाधिकाऱ्यांनी ती कबुली नोंदवून दंड ठोठावला, की दोषसिद्धी झाली. त्या काळी लागू असलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २५२ मध्ये नेमके हेच आहे. मराठीत ‘शिक्षा’ हा एकच शब्द आपण दोषी ठरविणे आणि दंड वा तुरुंगवास देणे या दोन्ही गोष्टींसाठी वापरतो आणि गोंधळ तिथून सुरू होतो. लोकअदालतीत आणि विशेष मोहिमांत असे हजारो खटले कबुलीवर निकाली निघतात, आणि बाहेर पडणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना आपण दोषी ठरलो आहोत याची जाणीव असते. म्हणून हितचिंतकांचा सल्ला अजिबात मानू नका. ते वाक्य लिहिले तर एका चुकीच्या विधानाच्या चौकशीत तुम्ही दुसरे चुकीचे विधान सही करून द्याल, आणि या वेळी अजाणतेपणाची सबब उरणार नाही.

आता कलम ३६ नीट वाचा, कारण तुमचे सगळे उत्तर त्यावर उभे राहणार आहे. त्यात निरनिराळी कारणे आहेत. चुकीने, चुकीच्या निवेदनामुळे किंवा महत्त्वाची वस्तुस्थिती दडविल्यामुळे नोंदणी झाली, हे एक. आणि ज्यामुळे ती व्यक्ती नोंदवहीत राहण्यास अयोग्य ठरते असे परिषदेच्या कार्यकारी समितीचे मत होईल असा अपराध किंवा व्यवसायाला लांच्छनास्पद वर्तन, हे दुसरे. नोटीस कोणत्या खंडाखाली आहे ते पाहा. तुमच्या वर्णनावरून ती पहिल्या कारणाखालची वाटते. तसे असेल तर ‘पत्त्यांचा जुगार हा किरकोळ गुन्हा आहे’ एवढे म्हणणे पुरणार नाही. हा गुन्हा सांगितला असता तरी नोंदणी नाकारली गेली नसती, म्हणून ती ‘महत्त्वाची’ वस्तुस्थिती नव्हती, असे मांडावे लागेल. या दोन युक्तिवादांत दिसते त्यापेक्षा बरेच अंतर आहे.

अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार हा सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींचा २१ जुलै २०१६ चा निर्णय वकिलांना दाखवा. तो नोकरीच्या पडताळणी अर्जांविषयी आहे, व्यावसायिक नोंदणीविषयी नाही, त्यामुळे परिषदेवर तो जसाच्या तसा लागू होतो असे म्हणू नका. परंतु अर्जातील प्रश्न मोघम नसून नेमका असला पाहिजे, आणि तरुण वयातील किरकोळ गुन्ह्यात दोषसिद्धी झालेली असेल व ती सांगितली असती तरी माणूस त्या पदाला अपात्र ठरला नसता, तर ती दडविल्याकडे दुर्लक्ष करण्याचा अधिकार नियोक्त्याला आहे, हे त्यातील विवेचन तुमच्या बाजूने मांडण्याजोगे आहे. त्यासाठी २०१३ च्या अर्जातील प्रश्नाचे शब्द लागतील. परिषदेकडून त्या अर्जाची प्रत आधी मागा.

लिपिकाचा उल्लेख एका वाक्यात, घडले तसा करावा. त्यावर भार टाकू नये, कारण सही तुमची आहे.

दुकान दुसऱ्या दिवशी बंद होत नाही. समितीने नाव कमी करण्याचा आदेश दिला तरी त्याला परिषदेची मान्यता लागते आणि त्या मान्यतेपासून तीन महिने संपल्याशिवाय तो अमलात येत नाही. मान्यता कळविल्यापासून ३० दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येते. पुढे कलम ३७ नुसार नाव पुन्हा दाखल करून घेण्याची तरतूदही आहे. मात्र आदेश अमलात आल्यावर तुम्हाला औषधे देता येणार नाहीत, आणि विक्री परवान्यावर फार्मासिस्ट म्हणून तुमचेच नाव असेल तर दुसरा नोंदणीकृत फार्मासिस्ट नेमून अन्न व औषध प्रशासनाला कळवल्याशिवाय चिठ्ठीवरची औषधे विकता येणार नाहीत.

एक खंत सांगतो. तुम्ही २१ वर्षांखालील होता आणि पहिलीच वेळ होती. त्या दिवशी कोणी वकील तुमच्या बाजूला उभा असता तर परिवीक्षा कायदा, १९५८ खाली समज देऊन सोडण्याची विनंती करता आली असती, आणि त्या कायद्याच्या कलम १२ मुळे दोषसिद्धीला चिकटणारी अपात्रता तरी टळली असती. अर्थात तेव्हाही अर्जात खरे लिहावे लागलेच असते, कारण त्या कलमाने दोषसिद्धी पुसली जात नाही.

गोळी सिरप :

दादा, मीही याच व्यवसायात आहे, त्यामुळे वाचून पोटात गोळा आला. त्या जुन्या निकालाविरुद्ध आताच अपील करून तो रद्द करून घेतला तर मूळच उरणार नाही, असे मला वाटते.

नक्कलनवीस :

ताई, तो मार्ग जवळजवळ बंद आहे. कबुलीवर दोषी ठरलेल्या माणसाला अपील फक्त शिक्षेचे प्रमाण किंवा वैधता याविषयी करता येते, आणि इतक्या वर्षांच्या विलंबाचे कारण काय देणार?

मी न्यायालयाच्या कचेरीत नोकरी करून निवृत्त झालो आहे, तेव्हा माझ्या माहितीतले सांगतो. सर्वप्रथम रोजनामा (खटल्यात तारखेनुसार काय घडले त्याची नोंद) आणि निकालाची सही-शिक्क्याची नक्कल काढा. खटल्याचा क्रमांक आठवत नसेल तर ई-कोर्टाच्या संकेतस्थळावर नावाने शोधा; तिथे न सापडल्यास पोलीस ठाण्यातून गुन्हा क्रमांक आणि वर्ष घ्या. किरकोळ खटल्यांची कागदपत्रे ठरावीक मुदतीनंतर नष्ट करतात. तसे झाले असेल तर नक्कल शाखेकडून तसा शेरा लेखी घ्या. तक्रारदाराने काय जोडले आहे हे न पाहता आठवणीवर उत्तर लिहू नका, कारण मी अशी माणसे पाहिली आहेत ज्यांना दंडाची रक्कम, कलम आणि वर्ष हे तिन्ही चुकीचे आठवत होते, आणि त्या चुकांनाही पुढे लपवाछपवी म्हटले गेले.

एक विचारू का? २०१३ नंतर नोंदणीचे नूतनीकरण झाले असणार. त्या अर्जांत काय लिहिले होते?

औषधवाला :

सर्वांचे आभार. नक्कलनवीस काका, आपण जे विचारले ते मी वर लिहिले नव्हते, आणि विसरलो म्हणून लिहिले नव्हते असेही नाही.

२०२१ मध्ये एका रुग्णालयातील नोकरीसाठी मी पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घेतली. त्या अहवालात २०११ च्या गुन्ह्याची नोंद होती आणि पुढे ‘दंडाची शिक्षा’ असे शब्द होते. ते वाचून मला पहिल्यांदा कळले. नोकरीचा विचार मी सोडून दिला. त्यानंतर २०२३ मध्ये नूतनीकरण आले तेव्हा पूर्वी दिलेली माहिती बरोबर असल्याच्या घोषणेवर मी सही केली. आता उगाच उकरून कशाला काढायचे, असा विचार केल्याचे मला स्पष्ट आठवते. नोटिशीत २०२३ चा उल्लेख नाही. तक्रारदाराला ते माहीत नाही.

हे उत्तरात लिहावे की नाही, हाच माझा खरा प्रश्न आहे असे आता दिसते.

कायदेभान :

बरे झाले सांगितले. यामुळे उत्तराचा आराखडा बदलतो.

२०१३ चे ‘नो’ अजाणतेपणी होते, हा तुमचा मुख्य बचाव आहे. तो बचाव घेताच समितीचा कोणीही सदस्य विचारील, की मग कळले केव्हा आणि कळल्यावर काय केले. पडताळणीचा अहवाल पोलिसांकडे आहे, नूतनीकरणाची घोषणा परिषदेच्याच कपाटात आहे. दोन कागद शेजारी ठेवायला फार वेळ लागणार नाही. नोटिशीत जे विचारलेले नाही ते सांगण्याची सक्ती तुमच्यावर आहे का, या प्रश्नावर तुमच्या वकिलांचे मत माझ्याहून वेगळे असू शकते आणि ते ऐकून घ्या. माझा कल मात्र असा आहे, की अजाणतेपणाचा बचाव घ्यायचा असेल तर २०२१ आणि २०२३ दोन्ही त्याच उत्तरात, तारखांसह, तुमच्याकडून यावेत. ते सांगायचे नसेल तर अजाणतेपणाचा शब्दही काढू नये आणि केवळ ‘महत्त्वाची वस्तुस्थिती’ या मुद्द्यावर लढावे. अर्धे सांगून अर्धे ठेवणे हा तिसरा मार्ग सर्वांत सोपा वाटतो आणि तोच तुम्हाला बुडवील.

सुनावणीत तोंडी म्हणणे मांडण्याची संधी लेखी मागा. मुदत कमी पडत असेल तर नकलेसाठी अर्ज केल्याची पोच जोडून, मुदत संपण्यापूर्वी, वाढीव दिवसांची विनंती करा.

औषधवाला :

आज सकाळी दुकान उशिरा उघडले. नक्कल शाखेत अर्ज दिला असून त्याची पोच घेतली आहे. खटल्याचा क्रमांक ई-कोर्टावर मिळाला नाही, पण पोलीस ठाण्यातील जुन्या नोंदवहीत गुन्हा क्रमांक सापडला. वर्ष २०११ च आहे. दंड मात्र ३०० नव्हे, २०० रुपये होता.

परिषदेकडे २०१३ आणि २०२३ या दोन्ही अर्जांच्या प्रती मागितल्या आहेत. वकिलांना सर्व सांगितले, २०२३ सह. त्यांनी उत्तराचा मसुदा गुरुवारी देतो म्हटले आहे आणि त्यात दोन्ही वर्षे येणार आहेत. नक्कल मिळाल्यावर, आणि सुनावणीची तारीख लागल्यावर, इथे लिहीन.