अब्रू, पत, लौकिक, वट यात नेमका फरक काय

हे सगळे शब्द एकाच अर्थाचे म्हणून सर्रास वापरले जातात, पण सोबत कुठलं क्रियापद येतं ते बघा, फरक लगेच कळतो. लौकिक मिळवतात, वाढवतात. अब्रू कोणी मिळवत नाही, ती आधीपासून असतेच आणि मग फक्त जाते, नाहीतर सांभाळत बसावं लागतं. अब्रू चव्हाट्यावर येते, अब्रूची लक्तरं वेशीवर टांगतात, अब्रूचं खोबरं होतं, म्हणजे बहुतेक वाक्प्रचार ती जाण्याचेच! मूळ फारसी, आब म्हणजे पाणी, तेज आणि रू म्हणजे चेहरा, आपण मोत्याचं पाणी म्हणतो ना तसं चेहऱ्यावरचं पाणी. इभ्रतचा प्रवास तर अजून भारी आहे, अरबीत इब्रत म्हणजे दुसऱ्याचं बघून घ्यायचा धडा, आणि मराठीत आल्यावर ती थेट घराण्याची इभ्रत झाली.

पत मात्र व्यवहारातली. घेतलेलं वेळेवर परत करतो का, दिलेला शब्द पाळतो का, यावर ती ठरते, म्हणून तर पतपेढी, पतसंस्था, रिझर्व्ह बँकेचं पतधोरण. एखाद्या गायकाचा लौकिक देशभर असेल पण गल्लीतल्या वाण्याकडे पत शून्य, असं होऊ शकतं.

वट आणि वजन यांचा चांगुलपणाशी काही संबंध नाही. 'त्याची तहसीलमधे वट आहे' म्हणजे फोन केला की काम होतं, बस्स.

आता मला खरंच खटकणारी गोष्ट. कायद्यात अब्रूनुकसानी (आधी दंड संहितेचं कलम 499, 1 जुलै 2024 पासून न्याय संहितेचं 356) कुणाचीही होऊ शकते, पुरुषाची, बाईची, कंपनीची, अगदी मेलेल्या माणसाची पण. मग बाईवर अत्याचार झाला की बातमीत 'अब्रू लुटली' असं का लिहितात? गुन्हा केला दुसऱ्याने आणि चारचौघातलं नाव गेलं तिचं, असा अर्थ होतो त्याचा, आणि वाचणाऱ्याच्या डोक्यात तोच बसतो. जुना रूढ शब्दप्रयोग आहे हे मान्य, तरी तो बंद व्हायला हवा. बलात्कार, लैंगिक अत्याचार हे स्पष्ट शब्द आपल्याकडे आहेत, तेच लिहा ना.