सागरी किल्ल्यांवर रोज किती माणसं सोडायची याला मर्यादा हवी की नको?

सह्यवाट:
जुलै २०२५ मध्ये आपले मराठा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. एकूण १२, त्यातले ११ महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. समुद्राशी नातं असलेले चार, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग. आनंद सगळ्यांनाच झाला, पण तेव्हापासून जो तो आता पर्यटन किती वाढेल एवढंच बोलतोय. माझं म्हणणं सरळ आहे, सिंधुदुर्गावर (आणि यादीत नसला तरी जंजिऱ्यावरही) रोज किती माणसं उतरणार याचा आकडा ठरवा, तिकीट आगाऊ घ्यायला लावा, आणि आकडा भरला की त्या दिवशी होडी बंद.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मालवणला जाऊन बघा. होडी तटाच्या अगदी जवळ येईपर्यंत किल्ल्याचा दरवाजा दिसत नाही, दोन बुरुजांच्या वळणात असा लपवलाय की शत्रूला कळूच नये आत शिरायचं कुठून. ही रचना थांबून बघण्याची गोष्ट आहे, पण मागून एवढा रेटा असतो की लोक मान खाली घालून आत ढकलले जातात. दरवाज्याजवळच्या घुमट्यांमध्ये चुन्यात उमटलेले महाराजांच्या हाताचे आणि पायाचे ठसे आहेत, तिथे सेल्फीसाठी धक्काबुक्की. दूधबाव, दहीबाव, साखरबाव, भर समुद्रात गोडं पाणी असलेल्या विहिरी, आणि त्यात रिकामी बाटली टाकणारे लोक मी माझ्या डोळ्यांनी बघितलेत. स्कुबा, बनाना राईड आणि मध्ये उरलेल्या वेळात किल्ला, अशी पॅकेजं झालीत सगळी. हे मला सहन होत नाही.

कुरटेबेट:
दादा, तुमची तळमळ कळते, पण एक बाजू तुम्ही धरलीच नाही. मी मालवणचा, घरात होडी आहे. पावसाळ्यात किल्ल्याच्या फेऱ्या बंद असतात, समुद्र खवळलेला असतो म्हणून ते बरोबरच आहे. उरलेल्या महिन्यांत खरी कमाई कधी, तर दिवाळी, नाताळ आणि मे महिना. तुमचा आकडा बरोब्बर त्याच दिवसांत भरणार, म्हणजे आमच्या कमाईचे दिवस तेवढे तुम्ही कापणार. पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांनी आणि एलईडी दिवे लावून होणाऱ्या मासेमारीने रापणवाल्यांचे (किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्यांचे) काय हाल झालेत ते किनाऱ्यावर येऊन विचारा. मासे मिळेनात म्हणून पोरं पर्यटनात आली, आता तिथेही कोणीतरी मुंबई-पुण्यातून सांगणार की माणसं कमी आणा. आमका कोण इचारता? आणि किल्ल्यात आजही घरं आहेत, माणसं राहतात, शिवराजेश्वराच्या देवळात पूजा होते. ते काय म्युझियम नाही तिकीट लावून काचेमागे ठेवायला.

चुनाविटकरी:
धागाकर्त्याशी अजिबात सहमत नाही, पण माझं कारण वेगळं. किल्ला माणसांच्या पायांनी पडत नाहीये, समुद्राने आणि झाडांनी पडतोय. विजयदुर्गला जाऊन तटाच्या सांध्यांमध्ये बघा, पिंपळाची मुळं दगड फोडून बाहेर आलीत. वरून कापली तरी पुढच्या पावसात परत फुटतात, कारण मूळ आत जिवंत असतं, ते मारायला वेळ, पैसा आणि जाणकार माणूस लागतो. खाली लाटांनी पायाचे दगड सुटतात, खारं पाणी सांध्यातला चुना खातं आणि तिथे कोणी घाईत सिमेंट भरलं तर आतली ओल बाहेर पडायला जागाच राहत नाही, मग शेजारचा दगड फुगून सुटतो. पर्यटक अर्ध्यावर आणले म्हणून यातलं काय थांबणार? उलट तिकिटाचा पैसा कमी होईल.

कुलाब्याचा किल्ला आठवा, अलिबागला. तिथल्या सर्जेकोटाची भिंत नीट बघितली तर चुना दिसत नाही, नुसते मोठे दगड एकमेकांवर बसवलेत, लाट आदळली की पाणी फटींमध्ये शिरून जोर मोडतो. अशी भिंत दुरुस्त करायला काय कळत असलं पाहिजे याचा विचार करा. त्यावर बोला की, माणसं काय मोजताय.

सह्यवाट:
@चुनाविटकरी मुळांचं आणि सिमेंटचं शंभर टक्के मान्य आहे, पण त्याने गर्दीचा प्रश्न खोटा ठरत नाही. समुद्र थांबवता येत नाही, गर्दी थांबवता येते. आणि तिकिटाचा पैसा त्याच किल्ल्यावर खर्च होतो हे कोणी ठरवलंय? यादीतले आठ किल्ले केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे, त्यात सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग आले, आणि खांदेरी धरून चार राज्याकडे. बंदर, होडी, किनारा यांचं बघणारे आणखी वेगळे. कोणाला विचारायचं हेच सामान्य माणसाला कळत नाही. मालवणच्या राजकोटला महाराजांचा पुतळा उभा राहिला ४ डिसेंबर २०२३ ला आणि पडला २६ ऑगस्ट २०२४ ला, सगळ्या देशाने बघितलं. समोर साडेतीनशे वर्षं लाटा खात उभा असलेला सिंधुदुर्ग आहे. त्याच्या तटाची निगा हीच महाराजांची खरी सेवा, असं मला मनापासून वाटतं.

भरतीओहोटी:
तुम्ही सगळे तट आणि बुरुज बोलताय, मी एक साधी गोष्ट विचारते. बाईमाणसाने, लहान पोरांना घेऊन, किल्ल्यावर दोन-तीन तास काढायचे तर जायचं कुठे? स्वच्छ बाथरूम नाही म्हणून माझ्या सासूबाई सकाळपासून पाणीच प्यायल्या नाहीत, मार्चच्या उन्हात. जंजिऱ्याला तर त्या गेल्याच नाहीत. राजापुरीहून शिडाची होडी जाते ती छान आहे, पण दरवाज्याशी होडी वरखाली होत असते, लाट वर आली की खलाशी हाताला धरून पायरीवर खेचतो. गुडघे दुखणारी बाई तिथे कशी उतरणार? दरवाज्यावर पंजात हत्ती धरलेला शरभ, म्हणजे सिंहासारखा काल्पनिक प्राणी, कोरलाय तो त्यांनी फोटोत बघितला. म्हणून मला मर्यादा नको, जेट्टी हवी आणि सोयी हव्यात. आधी येता तरी येऊ दे, मग मोजा.

सह्यवाट:
ताई, बाथरूमबद्दल वादच नाही, ती पहिल्याच दिवशी हवीत. पण पक्क्या बांधकामाला माझा विरोध आहे, जेट्टी आली की तिच्यामागे स्टॉल, शेड, लाईट सगळं येतं. संरक्षित वास्तूपासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी आणि पुढच्या २०० मीटरला परवानगी लागते, तो नियम उगाच नाही केलेला. तरंगता धक्का जोडता येईल, पावसाळ्यात काढून घ्यायचा.

भरतीओहोटी:
तरंगता तर तरंगता, पण तो प्रत्यक्षात आणा. "बांधकाम नको" एवढं म्हणून लोक थांबतात आणि म्हातारी माणसं किनाऱ्यावर बसून राहतात.

देवगडकर:
विजयदुर्गचा विषय निघालाच आहे तर, आमच्याकडे गर्दीच नाही. सगळे मालवण-तारकर्लीला पळतात. तिहेरी तटबंदी, वाघोटन खाडीच्या तोंडावरची जागा, आंग्र्यांचं आरमार, १७५६ मध्ये इंग्रज चालून आले तो सगळा इतिहास, आणि हेलियमचा शोधसुद्धा इथलाच. १८ ऑगस्टला हेलियम दिन करतो आम्ही. मर्यादा कसली घालताय, आमच्याकडे माणसं पाठवा!

चुनाविटकरी:
हेलियमचं जरा जपून सांगा. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण खरं, पट्टा विजापूर, गुंटूरवरून मछलीपट्टणकडे गेला. पण हेलियमच्या शोधाशी ज्यांची नावं जोडली जातात त्या दोन खगोलशास्त्रज्ञांपैकी जान्सेन गुंटूरला होता आणि लॉकयर तेव्हा इंग्लंडमध्ये होता, लॉकयरने सूर्याच्या प्रकाशातली हेलियमची पिवळी रेषा ऑक्टोबरमध्ये तिथूनच बघितली. विजयदुर्गावरचे साहेबाचे ओटे, जिथून ग्रहण बघितलं असं सांगतात, ते जरूर दाखवा, पण जागतिक वारशाच्या फलकावर चुकीचं लिहिलं तर बाहेरून आलेला अभ्यासक बाकीच्या इतिहासावरही विश्वास ठेवणार नाही.

देवगडकर:
ग्रहणाचा पट्टा आमच्या भागातून गेला ना, मग निरीक्षण झालंच असणार. ओटे काय हवेतून आले? असो, माझा मुद्दा माणसं वाटून देण्याचा आहे.

सह्यवाट:
@देवगडकर तुमचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. मालवणला आकडा भरला की उरलेली गाडी विजयदुर्गला वळेल, हर्णैला सुवर्णदुर्ग बघायला जाईल, आणि तिथल्याही घरांत चार पैसे जातील. @कुरटेबेट तुमची कमाई कापायची नाहीये. माणसं दिवसभरात वाटून सोडा, सकाळी सातपासून, दर तासाला ठरलेली. होड्या तेवढ्याच फिरतील, फक्त अकराच्या सुमाराला सगळे एकदम उतरणार नाहीत.

कुरटेबेट:
तासावार म्हणजे वेगळी गोष्ट झाली, तुम्ही वर "आकडा भरला की होडी बंद" लिहिलंय. बंद हा शब्द आहे तोपर्यंत माझा विरोध आहे. मुंबईहून रात्रभर गाडी चालवून आलेल्या माणसाला धक्क्यावरून परत पाठवायला मी नाही उभा राहणार, त्याच्या शिव्या आम्हीच खाणार. तास ठरवायचे तर होडीवाल्यांना सोबत घेऊन ठरवा, भरती-ओहोटी आणि वारा बघून, कारण दुपारी वारा सुटला की तुमचं वेळापत्रक तिथेच मोडतं. आणि ते सीझन उघडायच्या आधी, पावसाळ्यात, आम्ही घरी असतो तेव्हा.