कोकणातल्या पोरांना सरकारी विद्यापीठ परवडतं का, आणि पदवीनंतर हाती काय पडतं?

खाडीपलीकडचा (धागाकर्ता)

बारावीचा निकाल लागला की आमच्याकडे दरवर्षी तोच सोहळा. २०२५ लाही कोकण विभाग राज्यात पहिला, ९६.७४ टक्के. पेढे वाटून झाले की घराघरांत एकच विषय: आता हिला घालायचं कुठे?

निमित्त असं की अमेरिकेत कार्नेगी वर्गीकरणाने २०२५ साली कॉलेजांची नवी विभागणी केली. इमारती, संशोधन वगैरे बाजूला ठेवून दोनच गोष्टी तपासल्या. ज्या भागातून मुलं येतात तिथली गरीब आणि मागे पडलेली मुलं त्या प्रमाणात वर्गात दिसतात का? आणि प्रवेशानंतर आठ वर्षांनी त्यांची कमाई त्याच भागातल्या त्यांच्या वयाच्या लोकांच्या मानाने कशी आहे? हे 'त्याच भागातल्या' मला महत्त्वाचं वाटतं.

हेच मुंबई विद्यापीठाला लावून बघा (आपली कॉलेजं त्याच्याशीच संलग्न), पण कलिन्याच्या विद्यापीठ आवारात बसून नव्हे, राजापूर-कणकवलीतून. अनुदानित बी.ए., बी.कॉम.ची फी कोणी रडावं अशी नसते. पण रत्नागिरीच्या नि सावंतवाडीच्या उपकेंद्रात नसलेला विषय हवा असेल तर मुंबई गाठा, सावंतवाडीपासून पाचशे किलोमीटर. तिथली खोली आणि खानावळ फीच्या पावतीवर छापलेली नसते. माझं मत: विद्यापीठ स्वस्त आहे पण हाताला लागत नाही, आणि कमाईचे जे आकडे मिरवले जातात ते कोकण सोडून गेलेल्यांचे असतात. बोला.

तुतारीचा जनरल डबा

सोडून गेलेल्यांचेच असणार! मग काय वाडीत बसून पगार होतो? माझा बाप सातवी पास होऊन गिरणीत आला, मी बी.कॉम. होऊन मालाडच्या ऑफिसात. फरक पगारात आहे आणि तोच खरा. आमच्या गावाला पदवी हवी असते ती बाहेर पडायला. त्यात लाज कसली?

आणि शिक्का मुंबईचा असू दे. १८५७ चं विद्यापीठ आहे. २०१७ मध्ये संगणकावर पेपर तपासण्याच्या नादात निकाल महिनोनमहिने रखडले, कुलगुरूंना जावं लागलं, तरी मुलाखतीत मार्कशीट बघून कोणी नाक मुरडत नाही. धाग्याचा रोख मुंबईपासून तोडून स्वतंत्र कोकण विद्यापीठ मागण्याकडे जाणार हे दिसतंच आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो: नको.

वस्तीची गाडी

दादा, बाहेर पडण्याआधी कॉलेजात पोचावं लागतं. तिथपासून बोलूया. मी कॉलेजात शिकवते, रोज बघते.

बारावीपर्यंत गावातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास फुकट. बारावी झाली की तो बंद. पुढे विद्यार्थी पास, सवलत ६६.६७ टक्के, म्हणजे तिसरा हिस्सा घरून. रक्कम फार नाही हो, पण 'हिला आता पैसे पडतात' हे वाक्य घरात सुरू होतं ते त्या जूनपासून. त्याच वर्षी स्थळंही यायला लागतात.

आता सायन्सचं बघा. प्रॅक्टिकल दोन ते पाच, वाडीकडे जाणारी शेवटची गाडी साडेचारची. मुलगी टायट्रेशन अर्धवट टाकून, जर्नलवर सही न घेता स्टँडकडे पळते. वर्षाअखेर जर्नल अपुरं. पुढच्या वर्षी तिची धाकटी बहीण आर्ट्सला येते, आवड म्हणून नाही, एसटीच्या वेळापत्रकामुळे. पावसात रात्रीची वस्तीची गाडी आलीच नाही तर सकाळी सुटणार कुठून? तो दिवस अख्ख्या वाडीचा खाडा.

आणि पगाराचा हिशेब मांडताना ही मुलगी शून्य धरली जाते. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या, कारण पुरुष तुमच्या मालाडला. मागे राहिलेल्यांचं विद्यापीठ कोण मोजणार?

खेकडा

मग एसटी महामंडळाचं मूल्यमापन करा. विद्यापीठाची मानगूट कशाला?

वस्तीची गाडी

प्रॅक्टिकल सकाळी लावणं एसटीच्या हातात आहे का?

दापोलीचा कलमवाला

कोकणच्या मातीत एक सरकारी विद्यापीठ १९७२ पासून आहे, त्याचं नाव अजून कोणी घेतलं नाही याचं नवल वाटतं. मी दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा. माझ्या बॅचचे बरेचसे एमपीएससीचा अभ्यास करायला पुण्यात गेले, काही बँकेत कृषी अधिकारी झाले (आज सुरुवातीचं बेसिक ४८,४८०), काही खताच्या कंपनीत फिरतीवर. मी घरच्या बागेत. पगाराची स्लिप नाही, त्यामुळे प्लेसमेंटच्या तक्त्यात मी बेकार. एनआयआरएफला, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉलेज-क्रमवारीला, कॉलेजं जो मधला पगार कळवतात तोसुद्धा नोकरीला लागलेल्यांचाच असतो.

दुसरं. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काजूच्या जाती दिल्या, वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७. आमच्या पंचक्रोशीत ज्यांनी ती कलमं लावली त्यातले निम्मे दहावी नापास असतील. त्यांचं उत्पन्न वाढलं ते कोणत्या पदवीधराच्या कमाईत धरायचं? रत्ना आंबा घ्या, नीलम आणि हापूसचा संकर. पुढे रत्ना आणि हापूसपासून सिंधू काढला, पातळ कोयीचा. (चवीला हापूस तो हापूस, त्यावर वाद नको.) विद्यापीठाची कमाई फक्त त्याच्या विद्यार्थ्यांच्या खिशात शोधलीत तर अर्धं विद्यापीठ दिसणारच नाही.

खेकडा

छान. विद्यापीठ १९७२ पासून आहे, तरी कलमं राखायला नेपाळी, होडीवर नेपाळी, आणि आमची पदवीधर पोरं गोरेगावात सोसायटीच्या गेटवर वही घेऊन. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही म्हणून कागदावर दिसत नाही, कबूल. पण दिसत नाही म्हणजे आहेच, असं कोणी सांगितलं? एक वर्ष मोहोरावर थ्रिप्सची कीड, एक वर्ष अवकाळी, तिसऱ्या वर्षी वाशीचा दलाल.

आणि भाऊ, तुमच्याकडे आज्याने लावलेली कलमं होती. ज्याच्या सातबारावर बारा हिस्सेदार, त्यातले सात मुंबईत आणि दोघे एकमेकांशी बोलत नाहीत, त्याने कृषी पदवी घेऊन लावायचं काय, तुळस?

दापोलीचा कलमवाला

हिस्सेदारांचं शंभर टक्के खरं. पण त्याच बॅचच्या तिघांनी जमीन नसताना कृषी सेवा केंद्रं टाकली. कीटकनाशकाच्या परवान्याला शिक्षण लागतं, पदवी तिथे उपयोगी पडते. आता ते मालाडपेक्षा कमी कमावतात का, हे विचारलंत तर हो, कमीच. पण त्यांना खोलीचं भाडं नाही आणि दुपारी घरी जेवतात. हे कुठल्या रकान्यात घालू?

कुडाळकार

फी माफ झाली म्हणान सगळी नाचतत. २०२४ च्या जुलयातलो जीआर, उत्पन्न आठ लाखाच्या आत, केंद्रीय प्रवेशातसून व्यावसायिक कोर्साक गेलेल्या चेडवांका शिकवणी फी नि परीक्षा फी माफ. बरा झाला, माझा चेडू त्यातच आसा. कालेजाचा नाव सांगणंय नाय. पण हॉस्टेलात नंबर लागूक नाय. खोली, डबो, लॅपटॉप, येवचा-जावचा, ह्या सगळा कोण माफ करतलो? आणि कालेज म्हणता, आधी भरा, सरकारचे पैसे इले की परत करतव. आधी भरूक आसते तर माफी कित्याक होयी होती, मेल्यानो?

निवृत्त हेडक्लार्क

कुडाळकरांच्या मुद्द्यावर: वसतिगृह मिळालं नाही तर डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता योजना बघा, महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज असतो. अटी नीट वाचा आणि अर्ज भरल्याची प्रत जपून ठेवा.

बाकी चर्चेबद्दल. सोलापूरला एका जिल्ह्यासाठी २००४ मध्ये विद्यापीठ मिळालं. गडचिरोली-चंद्रपूरला २०११ मध्ये गोंडवाना मिळालं. आम्ही काय पाप केलं? लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर विद्यापीठाकडे बोट दाखवू नका, ते १९८९ चं असलं तरी तंत्रशास्त्राचं आहे आणि त्याची संलग्न कॉलेजं आता राज्यभर आहेत. रत्नागिरी-सिंधुदुर्गचं बोर्ड कोल्हापूरहून वेगळं करतानाही एवढ्याशा दोन जिल्ह्यांना कशाला, असं म्हणणारे होतेच. आज ते दरवर्षी पहिलं येतं.

तुतारीचा जनरल डबा

काका, बोर्डाची परीक्षा घेणं वेगळं आणि विद्यापीठ चालवणं वेगळं. २००१ ते २०११ मध्ये रत्नागिरी १६.९७ लाखांवरून १६.१५ वर आली, सिंधुदुर्ग ८.६९ वरून ८.५० वर. राज्य वाढत होतं तेव्हा आपण घटत होतो. गोंडवानाचे दोन जिल्हे मिळून तीस लाखांच्या वर आहेत. संलग्नता देणाऱ्या विद्यापीठाचा गाडा बराचसा परीक्षा शुल्कावर आणि कॉलेजांच्या फीवर चालतो. पोरं कमी, तर डोक्यामागे फी जास्त. म्हणजे परवडावं म्हणून मागायचं आणि महाग करून घ्यायचं. वर नवा शिक्का, जो मालाडात सोडा, पनवेलातही कोणी ओळखणार नाही.

वस्तीची गाडी

शिक्क्याचा मुद्दा मला पटत नाही, फीचा पटतो. आमच्या कॉलेजात एका विषयाला सात मुली आहेत. तेवढ्यांवर कोणतं विद्यापीठ उभं राहील?

खाडीपलीकडचा

तुतारीवाल्यांचा हिशेब मान्य केला तरी त्यातून 'सगळं आहे तसं राहू दे' निघत नाही. नवी पाटी नको, नसेल परवडत. पण मार्कशीटमधली नावाची चूक दुरुस्त करायला, ट्रान्स्क्रिप्ट काढायला रत्नागिरीच्या पलीकडे कोणाला जावं लागू नये एवढे अधिकार उपकेंद्राला द्या, आणि विषय वाढवा. याला वेगळा कायदा लागत नाही.

कमाईचं म्हणाल तर अंदाजावर भांडण्यापेक्षा मोजा. प्रवेशाला आठ वर्षं झालेल्या मुलांची यादी प्रत्येक कॉलेजच्या रजिस्टरात आहे. गणपतीत ती सगळी घरी असतात, कोकणाइतकं सोपं सर्वेक्षण कुठे होणार? एनएसएसची मुलं आरतीच्या वेळी घरोघरी जातातच. राहिलेल्यांना वेगळं विचारा, गेलेल्यांना वेगळं. बागायत, दुकान, होडी यांना स्वतंत्र रकाना ठेवा. आणि तुलना त्याच वाडीतल्या बारावीवर थांबलेल्याशी करा, अंधेरीतल्या माणसाशी नको.

खेकडा

गणपतीत विचारलंत तर प्रत्येक जण पगार दीडपट सांगेल. भावकी समोर बसलेली असते. शिमग्याला विचारा.

तुतारीचा जनरल डबा

शिमग्याला रजा मिळत नाही.

कुडाळकार

हेडक्लार्कानु, तो भत्त्याचो अर्ज बघलंय. उत्पन्नाचो दाखलो गेल्या वर्साचो मागे टाकलो. नवीन खय काढूचो, तलाठ्याकडे की सेतूत?

निवृत्त हेडक्लार्क

आधी तलाठ्याचा उत्पन्नाचा अहवाल घ्या, मग सेतूत अर्ज, दाखला तहसीलदारांचा. चालू आर्थिक वर्षाचा आहे ना ते बघून घ्या. आणि बाकीच्यांनीही आत्ताच काढा, प्रवेश सुरू झाले की सेतूत उभं राहायला जागा नसते.