खाकीचा नाद: मिळाली त्यांनी लिहा, हुकली त्यांनीही लिहा

रात्रपाळी

मी १९९१ चा. जिल्हा सांगत नाही, ऊस आणि कुस्ती दोन्ही आहेत म्हटलं की कळेल. पोलीस शिपाई व्हायचं म्हणून चार भरत्या दिल्या. २०१८ ला ग्राउंड शंभर गुणांचं होतं, लांब उडी आणि पुलअप्स धरून. मी पुलअप्सवर जीव काढला आणि पुढच्या भरतीपासून पुलअप्सच गेले. त्या भरतीची लेखी कोरोनामुळे लांबत लांबत २०२१ ला झाली, तीही ग्राउंडच्या आधी. अंकगणिताने मारलं. २०२३ च्या जानेवारीत परत आधी ग्राउंड, आता पन्नास गुणांचं: १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळा. १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत काढलं की २० पैकी २०. मी ५:१३. तीन सेकंदांत दोन गुण गेले आणि मेरिट दीड गुणाने हुकलं. हे गणित मला झोपेतही सुटतं, परीक्षेतलं मात्र सुटलं नाही.

शेवटची २०२४ ची. १७ हजार ४७१ जागा आणि पावणेअठरा लाखांच्या वर अर्ज. जूनमध्ये ग्राउंड सुरू, वरून पाऊस. एसटी स्टँडवर प्लास्टिकचा कागद अंथरून झोपलो, पहाटे चारला रांगेत उभा. तिसऱ्या राउंडला बूट चिखलात रुतला तो निघालाच नाही, तसाच एका बुटाने पळालो. त्याच वर्षी वयाची ३३ ची अट संपली.

आता एमआयडीसीतल्या गोदामावर रात्रपाळीचा सुपरवायझर आहे. निळा ड्रेस, टॉर्च, शिट्टी. धाकटा भाऊ आता तयारीला लागलाय आणि विचारतो, दादा, करू का सोडू? माझ्याकडे उत्तर नाही. वर्दी मिळालेल्यांनी खरं सांगा, मनासारखं काम मिळालं का? आणि माझ्यासारखे जे राहिले, ते आता काय करतात?

बक्कल नंबर विसरलो

मिळाली. मुंबईत. बारा वर्षं झाली.

डोक्यात होतं की तपास करायचा, आरोपी शोधायचे. ट्रेनिंगहून आल्यावर पोलीस ठाण्यात पहिल्याच आठवड्यात साहेबांनी विचारलं, मराठी टायपिंग कुणाला येतं? मी हात वर केला. मित्रांनो, हात वर करू नका. तेव्हापासून सीसीटीएनएसचा, म्हणजे गुन्ह्यांच्या ऑनलाइन नोंदीचा कॉम्प्युटर आणि मी. एफआयआर भरा, अटक फॉर्म भरा, वर सर्व्हर डाऊन. बाकी वेळ बंदोबस्त. गणपतीत दहा दिवस साप्ताहिक सुट्टी बंद, हे तर कॅलेंडरवर छापल्यासारखं. आमचं नशीब साहेबांच्या नाही, हजेरी मेजरच्या हातात असतं. ड्युटी तो लावतो. त्याच्याशी बिनसलं तर महिनाभर आरोपी घेऊन कोर्टाच्या फेऱ्या मारा.

२०१६ ला देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांची ड्युटी सुरू झाली होती, आठवत असेल. रवींद्र पाटील नावाच्या तिथल्याच शिपायाने वेळापत्रक मांडलं होतं आणि तेव्हाचे आयुक्त पडसलगीकर साहेबांनी ते उचलून धरलं. पुढे आमच्याकडेही आलं. त्या काळात मी मुलीला संध्याकाळी बागेत नेलंय, आणि ती मला "तुम्ही कधी जाणार?" असं विचारत नव्हती. नंतर मनुष्यबळ कमी पडतंय म्हणत गाडी हळूहळू बारा तासांवर परत आली.

तरी एक सांगतो. एका रात्री शेजारच्या हद्दीत एक म्हातारे गृहस्थ फुटपाथवर सापडले, नाव-गाव काही सांगता येईना. शर्टाच्या कॉलरला आतून टेलरचं लेबल होतं, त्यावर तालुक्याचं नाव. मी कॉम्प्युटरवर त्या तालुक्याच्या मिसिंग नोंदी एकेक उघडत बसलो. पहाटे साडेतीनला जुळलं, चौदा महिन्यांपूर्वीची नोंद. मुलाला फोन लावला तर तो बराच वेळ बोललाच नाही, फक्त मागे कुत्रं भुंकत होतं. माझ्या सर्व्हिस शीटमध्ये याची ओळही नाही. बारा वर्षांत असं कितीदा झालं? चारदा. हिशेब तुम्हीच करा.

तिठा

महिला पोलीस शिपाई. आधी बंदोबस्ताचं लिहिते, कारण पुरुष मंडळी ते लिहीत नाहीत. दहा तास रस्त्यावर उभं राहायचं आणि बाथरूम नाही. मग आम्ही काय करतो? पाणी पीत नाही. भर उन्हाळ्यात. नव्या मुलींना आम्ही पहिली हीच युक्ती शिकवतो, आणि शिकवताना मला स्वतःची लाज वाटते. पाळीच्या दिवसांत ओळखीचं दुकान, ओळखीचं घर शोधून ठेवायचं. सभा कुणाची का असेना, मी आधी बँक कुठेय ते बघते, कारण बँकेतल्या मॅडम नाही म्हणत नाहीत.

२०२२ ला महिलांना आठ तासांच्या ड्युटीचा आदेश आला तेव्हा पेढे वाटले होते. किती ठाण्यांत पाळला गेला ते प्रत्येकीने आपापलं सांगावं.

आता भरोसा सेलला आहे. नवरा-बायकोच्या तक्रारी. डिपार्टमेंटमध्ये याला साइड पोस्टिंग म्हणतात, म्हणजे काम नसलेली जागा. या म्हणावं एक दिवस बसायला! येणाऱ्या दहातल्या आठ बायका म्हणतात, "ताई, गुन्हा नको, फक्त त्याला समजावा." परवा एक नवरा तीन तास गप्प बसला आणि शेवटी म्हणाला, हिला मी घर चालवायला पैसे देत नाही कारण माझी नोकरी आठ महिन्यांपूर्वी गेली, सांगायची हिंमत होत नाही. डबा घेऊन रोज बागेत बसायचा. त्या टेबलावर मला वाटलं की हो, यासाठी मी भरतीत पळाले होते ते ८०० मीटर. त्या दिवशी घरी जायला रात्रीचे दहा झाले आणि माझा स्वतःचा नवरा दोन दिवस बोलला नाही. त्याला समजवायला कुठला सेल नाही.

ट्रंकवाला

एसआरपी, म्हणजे राज्य राखीव पोलीस दल. घर म्हणजे लोखंडी ट्रंक. निवडणूक, दंगल, यात्रा, गडचिरोली. राहायला झेडपीची शाळा, चौथीच्या बाकावर पाय मुडपून झोपायचं. मागच्या वर्षी बायकोने कॅलेंडरवर गोल करून ठेवले होते, मी घरी होतो ते दिवस: ७१. एकाच गोष्टीसाठी थांबलोय, जिल्हा पोलिसात बदली. नंबर लागेपर्यंत गुडघे राहिले तर बरं.

रात्रपाळी भाऊ, तुमच्या भावाला एसआरपीचा फॉर्म भरायचा असेल तर सांगा की तिथे ५ किलोमीटर पळावं लागतं. आणि ते फक्त भरतीत नाही.

खडूचा डाग

सगळे समाधानावर लिहिताय, पैशावर एकही नाही. आमच्या गावात पोलीस झालेल्याचं घर तीन वर्षांत दुमजली होतं. त्याबद्दलही अनुभव येऊ द्या की!

बक्कल नंबर विसरलो

खडू, बरोबर आहे तुमचं, लपवण्यासारखं नाही. माझ्या बॅचचे काही जण आहेत तसे. माझं घर अजून सरकारी क्वार्टर आहे, छत गळतं, बादली ठेवतो. पण मी लय साधू आहे असंही नाही, कॉम्प्युटरवर बसणाऱ्याला कोण काय देणार! फुकटचा चहा आयुष्यभर प्यालोय. सुरुवात तिथूनच होते, हे मला माहीत आहे.

तीन वर्षं पुरे

मी सोडली. वर्दी मिळवून सोडली म्हटलं की लोक वेड्यासारखं बघतात. ट्रेनिंगचे नऊ महिने माझे आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस होते. पहाटे साडेचारची शिट्टी, उस्तादांच्या शिव्या, रात्री कायद्याची कलमं घोकणं, दीक्षांत संचलनाला आलेली आई. तिला पास दाखवून आत सोडलं तेव्हा तिने त्या पासला नमस्कार केला होता.

मग पोस्टिंग. एका मोठ्या साहेबांच्या बंगल्यावर. कागदावर गार्ड, प्रत्यक्षात कुत्र्याला फिरवणं, मुलाला क्लासला सोडणं, दळण. एकदा मॅडमनी पाहुण्यांसमोर "अहो, इकडे या" म्हटलं तर मला इतकं बरं वाटलं, आणि मग रात्री त्याचंच वाईट वाटलं, की एका "अहो"वर मी खूश झालो. बंगल्याच्या गेटवरच्या खोलीत बल्ब चांगला होता. तिथेच अभ्यास केला. २०२३ च्या तलाठी भरतीत लागलो. आता पद ग्राम महसूल अधिकारी झालंय, लोक तलाठीच म्हणतात.

आता सुट्टी मिळते. सणाला घरी असतो. सातबारा, फेरफार, पंचनामे, आणि पीकपाहणीचं ॲप चालत नाही म्हणून शेतकऱ्यांची बोलणी. पण रस्त्यावरून तुकडी पाय मिळवत गेली की माझा डावा पाय आपोआप पडतो. बायको हसते. मी बरोबर केलं का, हे अजून ठरत नाही.

लाईनबॉय

बाबा हवालदार होते. पोलीस लाईनीत वाढलो. दिवाळीचा किल्ला बाबांनी माझ्याबरोबर कधीच केला नाही, पण लाईनीतल्या पन्नास पोरांचे बाबा नसायचे, त्यामुळे आम्हाला ते जगावेगळं वाटलं नाही. मी पोलीस झालो नाही. बँकेत आहे. ताई, आमच्या शाखेत येत जा.

तिठा

लाईनबॉय, डोळ्यांत पाणी आणलंत भर ऑफिसात.

मुद्देमाल

मी २०२१ ला सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. माझ्या वेळी शिपाई, नाईक, हवालदार अशी पायरी पायरी होती. २०२२ ला नाईकाचं पदच काढून टाकलं, म्हणजे आताची पोरं लवकर वर जातील. आम्ही हाताची फीत बदलायला वर्षानुवर्षं थांबलो. असो.

शेवटची सात वर्षं मुद्देमाल कारकून होतो. कुणाला नको असलेलं काम. अंधारी खोली, उंदीर, गुन्हा नंबरच्या चिठ्ठ्या लावलेली गाठोडी, गंजलेले कोयते, दारूचे कॅन. रजिस्टरमध्ये एक नोंद चुकली की पेन्शन अडकते, म्हणून सगळे पळतात. मला ते आवडू लागलं. मी एकेक गाठोडं उघडून रजिस्टरशी ताडलं, नव्या चिठ्ठ्या चिकटवल्या. खळ घरून करून न्यायचो, कारण बाजारचा डिंक उंदीर खातात. खरं तर खळही खातात, पण त्यात मोरचूद घातलं की नाही खात.

एकदा कोर्टाच्या आदेशावरून एका बाईंना मंगळसूत्र परत दिलं. नऊ वर्षांपूर्वीच्या चोरीतलं. त्यांनी वाट्या हातात घेऊन मोजल्यासारख्या केल्या. यजमान मधल्या काळात गेले होते. त्या म्हणाल्या, "आता घालता येत नाही, पण सुनेला देते." सही केली आणि गेल्या. मी पोचपावती फाईलला लावली.

पुतण्या आता ठाण्यात आहे. १ जुलै २०२४ पासून कायदेच बदलले, खून म्हटलं की माझ्या तोंडात अजून ३०२ येतं, तो म्हणतो, काका, १०३. झडतीचं चित्रीकरण मोबाईलवर करावं लागतं म्हणे. मी म्हटलं, चित्रीकरण कर बाबा, पण गाठोड्याची गाठ नीट मार.

रात्रपाळी

सगळ्यांचं वाचलं. दोनदा वाचलं, रात्र मोठी असते. ड्युटीवरून आलो तेव्हा भाऊ उठलेला होता, त्याच्या हातात मोबाईल दिला. त्याने वाचून दोनच प्रश्न विचारले. एक, टायपिंगचं खरंच सांगायचं नाही का? दुसरा, मोरचूद म्हणजे काय?

मग बूट घालून ग्राउंडवर गेला. मी झोपायला पाहिजे होतं, पण टेप घेऊन मागोमाग गेलो, कारण गोळ्याचं अंतर मोजायला कुणीतरी लागतं. सात पूर्णांक नव्वद. साडेआठला पैकीच्या पैकी मिळतात. म्हटलं, मनगट वळवू नकोस, खांद्यातून दे. परत टाक.