शब्दचर्चा : 'मानवी प्रतिष्ठा' की आणखी काही?

प्रश्न
जागतिकीकरण, युद्धं आणि 'ह्यूमन डिग्निटी' यांवरच्या एका लेखाचं भाषांतर करतोय. गाडी शेवटच्या शब्दापाशी अडली आहे. 'मानवी प्रतिष्ठा' लिहिलं की 'प्रतिष्ठित नागरिक' डोळ्यांसमोर येतात, 'मानवी सन्मान' लिहिलं की सत्कार समारंभ. लेखातला माणूस तर निर्वासितांच्या छावणीत पाण्याच्या रांगेत उभा आहे. तुम्ही काय वापरता?

प्रतिसाद
रूढ शब्द 'प्रतिष्ठा'च. १९४८च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या मराठी अनुवादात पहिल्याच कलमात 'समान प्रतिष्ठा व समान अधिकार' असं आहे. संविधानाच्या उद्देशिकेतही 'व्यक्तीची प्रतिष्ठा'. गंमत अशी, की हिंदी उद्देशिकेत 'प्रतिष्ठा' हा शब्द 'स्टेटस'साठी आहे, जिथे मराठीत 'दर्जा' म्हटलंय, आणि डिग्निटीला तिथे 'गरिमा'. हिंदीवरून मराठी करणाऱ्यांनी इथे जपून. मराठीत गरिमा असते ती पदाची किंवा सभागृहाची. रांगेतल्या माणसाला ती चिकटत नाही.

प्रश्नकर्ता
मान्य, पण माझी अडचण व्यवहारातली आहे. आपल्याकडे प्रतिष्ठा मिळते, वाढते, पणाला लागते, धुळीला मिळते. जाहीरनाम्याला अभिप्रेत असलेली गोष्ट जन्मतः असते. शिवाय युद्धाच्या बातम्यांत हाच शब्द उलट्या बाजूने येतो : अमुक देशाने ते शहर 'प्रतिष्ठेचं केलं'. देशाच्या प्रतिष्ठेपायी शहर बेचिराख, आणि त्यातून निसटलेल्याचीही प्रतिष्ठाच! एकाच परिच्छेदात दोन्ही आले तर वाचक गोंधळणार.

प्रतिसाद
व्युत्पत्ती मात्र या शब्दाच्या बाजूने आहे. प्रति + स्था, म्हणजे घट्ट उभं राहणं, पायाखाली आधार असणं. मूर्तीची प्रतिष्ठापना याच अर्थाची. लोकांनी दिलेला मान हा नंतर चढलेला थर. 'डिग्निटी'चंही तेच झालं : लॅटिन 'डिग्निटास' हा मुळात रोममधल्या हुद्देदारांचा रुबाब. तो प्रत्येक माणसाला लागू व्हायला शतकं लागली. जर्मन तत्त्वज्ञ कान्टने १७८५ मध्ये भेद केला तो असा : ज्या गोष्टीला किंमत असते तिच्या जागी दुसरी ठेवता येते, जिच्या जागी काहीच ठेवता येत नाही, तिला डिग्निटी असते.

आणखी एक
मग 'मोल' का नको, असं कुणी म्हणेल. 'अनमोल'मध्ये ते शोभतं, पण 'मोलमजुरी'त तेच मोल रोजावर मोजलं जातं. जागतिकीकरणाच्या मराठीत तर 'मनुष्यबळ पुरवठा', 'मानवी भांडवल' हे शब्द आपण सहज उच्चारतो. १९४४च्या फिलाडेल्फिया घोषणेत आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेला 'श्रम हा विकाऊ माल नव्हे' असं मुद्दाम लिहावं लागलं होतं.

जाता जाता, 'जागतिकीकरण'मधल्या दीर्घ 'की'कडे बघा. हा संस्कृतातला च्वि प्रत्यय : जे आधी तसं नव्हतं ते तसं करणं. 'करण' (करणं) आहे, 'भवन' (होणं) नाही, म्हणजे कर्ता हवाच. 'खाउजा' (खाजगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरण) म्हणताना तो कर्ता कोण, हे आपण विचारेनासे झालो.

प्रतिसाद
मूळ प्रश्नात 'निर्वासित' म्हटलंय, ते तपासून घ्या. निर्वासितांविषयीच्या १९५१च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार 'रेफ्युजी' होण्यासाठी देशाची सीमा ओलांडावी लागते. स्वतःच्याच देशात परागंदा झालेला तो 'विस्थापित'. २०२४ अखेर जगात बळजबरीने घर सोडावं लागलेले सुमारे १२ कोटी ३० लाख लोक होते, त्यांतले निम्म्याहून अधिक आपापल्या देशातच होते. 'शरणार्थी' मी टाळतो. विद्यार्थी, लाभार्थी, तसा हा शरणार्थी : त्यात माणूस कायम दुसऱ्याच्या दारात उभा दिसतो. 'निर्वासित'मध्ये निदान त्याला कुणीतरी घालवलंय, एवढं तरी कळतं.

प्रश्नकर्ता
सगळ्यांचे आभार. असं ठरवतोय : कलम किंवा करार आला की 'प्रतिष्ठा' ठेवायची. उदाहरणार्थ, युद्धकाळातल्या वागणुकीविषयीच्या १९४९च्या जिनिव्हा करारांतलं तिसरं कलम, जे कैद्यांची अप्रतिष्ठा आणि मानहानी करायला मनाई करतं. देशांसाठी 'इभ्रत' किंवा 'अहंकार', संदर्भ बघून. आणि छावणीच्या वर्णनात नामच नको, क्रियापद वापरतो. वाक्य असं झालंय : 'तिथे पोटाला मिळतं, पण माणूस म्हणून कोणी विचारत नाही.' चालेल?

प्रतिसाद
'विचारत नाही'ने चौकशीचा वास येतो, आणि छावणीत चौकशा तर रोज होतात. 'वागवत नाही' करा.